मे महिन्यातले सत्तावीस अंश

आज कुलरला नव्या ताट्या बसवल्या. पाणी सोडलं, पंप घरघरला आणि वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला. शेजारच्या बाईंनी खिडकीतून डोकावून विचारलं, "लागल्या व्हय नव्या ताट्या? आता बरं वाटन." या वासानं सगळ्या वऱ्हाडाला बरं वाटतं. मला राग येतो. गेले तीन उन्हाळे येतो आहे. आधी तो दुसऱ्यांचा येत असे. या वर्षीपासून माझा स्वतःचा येतो, आणि स्वतःचा राग हा फार गैरसोयीचा असतो. त्याला दार दाखवता येत नाही.

सम्यक, ओवी, मागच्या रविवारी तुम्ही मोबाइलवर विचारलंत, की जुन्या फोटोत आपल्या पोर्चमध्ये दिसते ती लाल गाडी कुठे गेली, आणि आजोबा अकोल्याच्या आजोबांशी का बोलत नाहीत. तुमच्या बाबांनी "तो मोठ्यांचा विषय आहे" असं म्हणून फोन काढून घेतला. तो मोठ्यांचा विषय मुळीच नाही. त्यात सगळी मोठी माणसं लहानांसारखी वागली आहेत, म्हणून तो तुम्हाला चांगला समजेल. मराठी वाचायला मी स्वतः शिकवलं आहे, तेव्हा सबब चालणार नाही.

आधी इथला मे महिना समजून घ्या, कारण तुम्ही तो कधी पाहिलेला नाही. तुमची आई तुम्हाला नेहमी डिसेंबरात आणते आणि तुम्ही परत जाऊन सांगता की इंडिया फार छान आहे. मे महिन्यात सकाळी नऊला रस्त्यावरची माणसं डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा बांधून चोरांसारखी दिसतात. अकराला रस्ता ओस. दुपारी नळाला येतं ते पाणी चहाला चालेल असं. गच्चीवर कुरडया घातल्या तर संध्याकाळपर्यंत काचेसारख्या वाजतात. आणि या सगळ्याची लोकांना लाज वाटण्याऐवजी अभिमान वाटतो. अमरावती आणि अकोला यांची यावरून चढाओढ असते. अकोल्याचा माणूस सत्तेचाळीस अंशांबद्दल असा बोलतो, जणू त्यानं ते अभ्यास करून मिळवलेत. आकड्याचा असा गर्व या मातीतच आहे. आपल्या घरात तो नव्वद या आकड्याचा होता.

तुमचे पणजोबा अकोल्याला एका जिनिंगवाल्या शेटजींकडे ड्रायव्हर होते. शेटजींकडे तीन गाड्या होत्या. त्यातली ही तिसरी: विलायतेहून आलेली, दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी ठेंगणी. ती शेटजी स्वतः चालवत. पणजोबांकडे तिला धुण्याचं काम होतं. बावीस वर्षं त्यांनी ती धुतली, पुसली, तिचं तेल बदललं आणि तिच्या सीटवर एकदाही बसले नाहीत. बसू नको असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. घरी आल्यावर मात्र ते दोन्ही मुलांना सांगत, "नव्वद घोड्याची गाडी हाय थे. नव्वद." गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात तो आकडा छापलेला होता. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते.

शेटजी गेले, त्यांची मुलं परदेशी गेली, आणि बंद पडलेली गाडी "तुमचीच आता" असं म्हणून पणजोबांच्या अंगणात लोटून ठेवली गेली. पणजोबा तेव्हा थकले होते. ते पहिल्यांदा त्या सीटवर बसले ते गाडी चालत नसताना. दोन्ही मुलं मागून ढकलत होती आणि ते स्टिअरिंग धरून बसले होते, असं तुमचे आजोबा सांगतात. अकोल्याचे आजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर दिनकर भाऊजी, तेच सांगतात, फक्त त्यांच्या सांगण्यात ढकलणारे ते एकटेच असतात.

गाडी दोघांची. पणजोबांनी वाटणी केली नाही. दोन सीटची गाडी, दोन मुलं, वाटणी कसली करायची. आजोबा सिंचन खात्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिनियर होते. निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी ती टेम्पोवर घालून अमरावतीला आणली आणि इंजिन उघडलं. सात वर्षं. माझ्या जेवणाच्या टेबलावर पिस्टन, माझ्या परातीत रॉकेलमध्ये बुडवलेले व्हॉल्व्ह, माझ्या कपाटात क्रँकशाफ्ट, जुन्या साडीत गुंडाळलेला. चांदूर बाजारला एक लेथवाला होता, त्याच्याकडे हे महिन्यातून दोनदा जात आणि येताना हाताला काळं तेल आणि चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखं हसू घेऊन येत. मी चिडत असे. मी चाळीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, इंग्रजीतून. माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे आणि प्रत्येक कागदाला फाइल. परात कशासाठी आहे हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलं, की शेवटी त्यांनी तीच परात कायमची घेऊन टाकली.

इंजिन एका जानेवारीत सुरू झालं. आवाज ऐकून भाऊजी अकोल्याहून आले, गाडीत बसले, कॅम्पच्या रस्त्यानं एक चक्कर मारून परत आले आणि म्हणाले, "दादा, हे नव्वद नाई."

"काहून नाई?"

"लागून नाई राहिले नव्वद. बुढा म्हने, पाय ठेवला का पाठ सीटले चिकटते. माही काही चिकटली नाई."

आजोबा म्हणाले, "तुही पाठ रुंद झाली."

ते विनोदानं म्हणाले असतील. भाऊजींनी तसं घेतलं नाही. भाऊजी वकील आहेत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की गाडी अर्धी त्यांची आहे, जुनं इंजिन मेलेलं आहे, आणि ते ती अकोल्याला, जठारपेठेतल्या आपल्या घरी नेऊन तिच्यात आजकालच्या गाडीचं इंजिन टाकणार. आजोबा म्हणाले, बापाच्या गाडीतून बापाचं इंजिन काढायचं असेल तर आधी सिद्ध कर की ते मेलेलं आहे. दोघंही सत्तरीकडे झुकलेले. मी मध्ये पडले नाही. मध्ये पडायला हवं होतं असंही मला अजून वाटत नाही.

असं ठरलं, की अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत रफिकभाईंच्या शेडमध्ये डायनो नावाचं मशीन आहे, त्यावर गाडी मोजायची. या मशीनला जमिनीत दोन रूळ असतात. गाडीची मागची चाकं त्यांवर ठेवतात, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी बांधतात आणि जागच्या जागी पूर्ण जोरात पळवतात. चाकं रूळ किती जोरात फिरवतात त्यावरून मशीन गाडीची ताकद सांगतं. रफिकभाईंनी पुस्तकातला नव्वदचा आकडा पाहिला आणि हसले.

"मॅडम, हे नव्वद कुंवाऱ्याचे हायेत," ते मला म्हणाले. "कंपनी नुसतं इंजिन उभं करून मोजे. ना पंखा, ना डायनामो, ना सायलेन्सर, ना गिअरबॉक्स. गाडीत बसलं का संसार लागला मागं. प्रत्येक जन थोडं थोडं खाते. चाकावर पासष्ट भेटले तर समजा इंजिन जवान हाय."

पासष्टवर दोघांनी हात मिळवले. पासष्ट किंवा वर आलं तर गाडी अमरावतीला, इंजिन जसंच्या तसं. खाली आलं तर गाडी जठारपेठेला, आणि इंजिन बाहेर. साक्षीदार मी, कारण आकड्यांच्या बाबतीत माझ्यावर दोघांचाही विश्वास होता. विश्वास म्हणण्यापेक्षा भीती म्हणा.

बुद्धपौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस होता. विहारातली खीर अजून जिभेवर होती आणि कढईतल्या तेलासारखी हवा अंगावर येत होती. शेडवर पत्रे. दुपारचे दोन. सकाळची वेळ दुसऱ्या कोणाला दिलेली होती म्हणून दोन. रस्त्यावरचं डांबर मऊ होऊन चपलेला धरत होतं. शेडमध्ये ग्रीस, पेट्रोल आणि तापलेलं रबर यांचा मिळून एक वास, आणि कोपऱ्यात एक दांडगा कुलर, वाळ्याच्या ताट्यांचा. गाडी बांधली. पट्ट्यांनी आवळलेली ती लाल गाडी मला ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसासारखी दिसली. आजोबा तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे, भाऊजी भिंतीला टेकून, हातात वर्तमानपत्राचा पंखा.

मला तिथं घेरी आली. सांगायला लाज वाटते, पण आली. मी सगळी रीडिंग वहीत लिहीत रूळांजवळ उभी होते. रफिकभाईंनी पाहिलं, आपलं टेबल कॉम्प्युटरसकट आणि त्याच्या वायरींसकट ओढत कुलरसमोर आणलं आणि स्वतःची खुर्ची मला दिली. "इथं बसून लिवा मॅडम. इथं काश्मीर हाय." खरोखर होतं. ओल्या वाळ्याची गार हवा माझ्या मानेवर, हातांवर, वहीच्या पानांवर. टेबलाच्या कडेवरून एका वायरीला लोंबकळणारी बोटाएवढी काळी नळी माझ्या गुडघ्याला लागत होती. मी ती दोनदा बाजूला केली. ती कसली हे विचारलं नाही. ही ओळ मी तुमच्यासाठी मुद्दाम एकटी ठेवते आहे: मी ती कसली हे विचारलं नाही.

मग तो आवाज. चौथ्या गिअरमध्ये गाडी जागच्या जागी किंचाळत सुटली. पत्रे थरथरले, पाण्याचा ग्लास टेबलावर सरकत गेला. आजोबांचे ओठ हलत होते. ते गाडीशी बोलत होते की पणजोबांशी, ते मला विचारता आलं नाही. तीन वेळा पळवली. तीनही वेळा पडद्यावर एक रेघ डोंगर चढल्यासारखी वर गेली आणि माथ्यावर थोडी आधीच दमली. कागद छापून आला.

त्रेसष्ट पूर्णांक चार.

"मशीनमंधी काहीतरी गडबड हाय," आजोबा म्हणाले.

"मशीन झूट नाई बोलत, दादा," रफिकभाई म्हणाले. आवाजात दया होती, आणि तीच आजोबांना सहन झाली नाही.

भाऊजींनी कागद दोन बोटांत धरला. ते आजोबांकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. "पासष्ट म्हंजे पासष्ट," ते म्हणाले. "काहो वहिनी?"

ते वाक्य त्यांचं नव्हतं, माझं होतं. त्यांची मुलगी हर्षा आमच्याकडे राहून अकरावी शिकत होती, तेव्हा माझ्याच विषयात तिला चौतीस गुण पडले. पस्तीसला पास. भाऊजी अकोल्याहून आले, चहा प्याले, आणि म्हणाले, एका गुणाचं काय आहे. मी म्हटलं, चौतीस म्हणजे चौतीस. पोरीनं पुन्हा वर्ष केलं. मी तिला घरात ठेवून, खाऊ घालून नापास केलं होतं. भाऊजींनी ते वाक्य वीस वर्षं जपून ठेवलं आणि त्या दुपारी, त्या शेडमध्ये, नीट घडी मोडून माझ्यासमोर पसरलं.

मी म्हटलं, "हो. पासष्ट म्हणजे पासष्ट."

दुसरं काय म्हणणार होते? आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तसं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतर तीन वर्षं पुष्कळदा पाहिलं.

"सात वर्षं घालून बापाचे नव्वद तुनं त्रेसष्ट केले," भाऊजी जाताजाता आजोबांना म्हणाले. "बुढा नुसती धूत होता तवा बरी होती."

आम्ही बसनं परत आलो. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मी विचारलं, पाणी आणू का. ते म्हणाले, "राहू दे, मॅडम." रागावले की ते मला मॅडम म्हणतात. घरी येऊन त्यांनी परात घासली, स्वच्छ पुसली आणि ओट्यावर ठेवली. मला ती परात परत मिळाली, सात वर्षांनी. मी तिच्यात आजवर कणीक मळलेली नाही.

ते तीन उन्हाळे कसे गेले, हे लिहिण्यासारखं नाही. भाऊजींनी नातेवाइकांत, लग्नांत, पुण्यतिथीच्या जेवणांत त्रेसष्टचा डंका पिटला. दादाले "त्रेसष्ट साहेब" म्हना, असंही कुठेतरी म्हटल्याचं माझ्या कानांवर आलं. गाडी जठारपेठेत ताडपत्रीखाली पडून राहिली, कारण नवं इंजिन टाकणारा माणूस पुण्यात होता आणि त्याची तारीख मिळत नव्हती. आजोबांनी हत्यारं एका पेटीत भरली, भातकुलीच्या एका ट्रॅक्टरवाल्याला देऊन टाकली आणि पेपर वाचू लागले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, छोट्या जाहिरातींसकट. माणूस रिकामा झाला की किती आवाज करतो हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरात दिवसभर पान उलटल्याचा आवाज होता.

आणि मी? मी त्यांच्यावर चिडत असे. मनात म्हणत असे, पिस्टनच्या रिंगा नीट बसवल्या नसतील. सात वर्षं माझं घर घाण केलं आणि शेवटी नापास झाले. खरं ते लिहिते आहे. तुमच्या आजोबांना नापास समजणाऱ्यांत तुमची आजी होती.

आता या वर्षीचं. पंधरा दिवसांपूर्वी कुलर दुरुस्त करणारा आला होता. त्यानं पंप दुरुस्त केला, कुलर सुरू केला आणि आपली कर्तबगारी दाखवायला खिशातून एक छोटा थर्मामीटर काढून कुलरच्या तोंडाशी धरला. "पाहा बाई, भाईर चव्वेचाळीस हाय. इथं सत्तावीस."

सत्तावीस. मी हा आकडा कुठेतरी वाचला होता. कुठे, ते आठवेना. शिकवणारीला आकडा आठवतो, त्याचा पत्ता आठवत नाही. तो माणूस गेला, मी पोळ्या केल्या, जेवण झालं, आणि भांडी आवरताना ओट्यावरची ती परात दिसली.

'वाहन' अशी माझी एक निळी फाइल आहे. तिच्यात सगळ्यात वर तो कागद होता. त्रेसष्ट पूर्णांक चारच्या खाली बारीक अक्षरांत छापलेल्या, तीन वर्षांत मी एकदाही न वाचलेल्या ओळी. हवेचं तापमान: सत्तावीस अंश.

अकोल्यात. मे महिन्यात. दुपारी दोन वाजता. पत्र्याच्या शेडमध्ये.

माझ्या गुडघ्याला लागणारी ती काळी नळी म्हणजे मशीनचा थर्मामीटर होता.

हे तुम्हाला समजावून सांगणं माझं काम आहे. इंजिन हवा पितं. गरम हवा विरळ असते. श्वास तेवढाच, पण त्यात दम कमी. म्हणून उन्हाळ्यात मोजलेली गाडी हिवाळ्यात मोजलेल्या गाडीपेक्षा दुबळी दिसते. हा अन्याय होऊ नये म्हणून मशीन आसपासची हवा किती तापली आहे ते पाहतं आणि उन्हामुळे झालेली तूट आकड्यात भरून देतं. हवा जितकी गरम, तितकी भर जास्त. आता पाहा. गाडी त्या दिवशी शेहेचाळीस अंशांची हवा पीत होती, आणि मशीन माझ्याजवळ काश्मीरमध्ये बसलं होतं. त्याला वाटलं, हवामान उत्तम आहे, या गाडीला सवलत कशाला. तूट भरली गेलीच नाही. आजोबांच्या इंजिनातले दोन घोडे कुलरच्या झोतात माझ्या शेजारी बसून होते आणि मी त्यांना दोनदा गुडघ्यानं बाजूला सारलं.

शेहेचाळीस हा आकडा माझ्या वहीत होता. शेडच्या दारात एक घड्याळ होतं, त्यात तापमान दिसे. मी शिस्तीत ते नोंदवलं होतं. म्हणजे बरोबर आकडा आणि चुकीचा आकडा दोन्ही माझ्याच घरात, एकाच फाइलमध्ये, एकमेकांना चिकटून तीन वर्षं पडले होते. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला सांगायची, की मोजण्याआधी मोजणारं यंत्र कुठे ठेवलं आहे ते पाहा. चाळीस बॅचेसना सांगितलं असेल.

मी पेन्सिल घेतली आणि गणित केलं. पासष्ट पूर्णांक चार.

कागद घेऊन आजोबांकडे गेले. सगळं सांगितलं: घेरी, टेबल, नळी, गुडघा. ते पेपर वाचत होते. त्यांनी माझा कागद पाहिला, मग तो सत्तावीस पाहिला, मग पुन्हा पेपर उचलला. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला ते योग्य वाटलं. तिसऱ्या दिवशी चहा घेताना, कपाकडे पाहत म्हणाले, "ओलावा धरला का गणितात?"

मी धरला नव्हता. कुलरची हवा गार असते तशी ओलीही असते, आणि ओली हवा इंजिनाला आणखी निकस. मशीननं त्याच नळीतून तो ओलावाही पाहून गाडीला थोडी सवलत चुकून देऊन टाकली होती; ती परत घ्यायला हवी. मी पुन्हा बसले. या वेळी सगळं धरलं.

चौसष्ट पूर्णांक नऊ.

"म्हंजे कमीच," आजोबा म्हणाले.

"एक दशांश."

"कमी ते कमी, मॅडम." आणि पेपरच्या मागे गेले. थोड्या वेळानं पेपरमागून आवाज आला, "अकोल्याले जायाचं नाई. सांगून ठेवतो."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसनं अकोल्याला गेले.

भाऊजींनी दार उघडलं. "या वहिनी. एकट्याच? दादानं पाठवलं?"

"त्यांनी नको म्हणून सांगितलं आहे."

"मंग काहून आल्या?"

मी बैठकीत फाइल उघडली. सत्तावीसवर बोट ठेवलं. बाकी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. अकोल्यात जन्मलेल्या माणसाला ती एक ओळ पुरते. भाऊजींनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"सत्तावीस? मे महिन्यात?" ते म्हणाले. "हे तर कोनी शपथेवर सांगलं तरी कोर्टात हासतीन."

"मशीनचा थर्मामीटर माझ्यापाशी होता. कुलरसमोर. माझ्यासाठी टेबल हलवलं होतं."

"मंग खरं किती?"

मला ठाऊक आहे, तुम्ही तिथं असता तर काय म्हटलं असतं. वहीत पासष्ट पूर्णांक चारही होतं, माझ्या हातचं, आणि त्या गणितात एकही आकडा खोटा नव्हता. भाऊजींना ओलाव्याचा हिशेब शंभर वर्षांत समजला नसता.

"चौसष्ट पूर्णांक नऊ," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून फाइलवर ठेवला. मग म्हणाले, "पासष्ट म्हनू शकत होत्या तुमी."

"हो."

"माह्या पोरीले एक गुन नाई दिला, आन् सोताच्या नवऱ्याले एक दशांश नाई देऊन राहिल्या. काय बाई आहे." हे कौतुक नव्हतं. त्यांच्या आवाजात जुना राग तसाच होता, फक्त आता तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"पुन्हा मोजू," मी म्हटलं. "नळी इंजिनापाशी लावून. कुलर बंद."

पाणी घेऊन आलेली माझी जाऊ रत्ना दारातच थांबली. "आता कशाचं मोजता ताई," ती म्हणाली. "इंजिन तर काढलं न. मागच्या हप्त्यात. गाडी पुन्याले गेली."

इंजिन मागच्या ओसरीत होतं, एका जुन्या टायरवर, पोत्यानं झाकलेलं. शेजारी शेवयांचं यंत्र आणि लोणच्याच्या बरण्या. मी पोतं उचललं. आजोबांनी घासून घासून चकचकीत केलेल्या झाकणावर कोणीतरी कैऱ्यांची टोपली ठेवली होती. ओल्या टोपलीचा गोल डाग उमटला होता. मी रुमालानं पुसला. निघाला नाही.

मागे भाऊजी उभे होते. "घेऊन जा," ते म्हणाले. "इथं पायात येते." आणि आत निघून गेले. रत्नानं टेम्पोवाल्याला फोन केला. मी निघाले तेव्हा भाऊजी बाहेर आले नाहीत, पण टेम्पोत इंजिनाखाली त्यांच्या घरातली गादी घातलेली होती. ती कोणी घातली हे मी विचारलं नाही. त्या घरात मला आता फारसे प्रश्न विचारावेसे वाटत नव्हते.

तर गाडीचं असं झालं. ती पुण्यात आहे, दुसऱ्याच इंजिनानं चालेल आणि बहुतेक खूप जोरात चालेल. दोघं भाऊ अजून बोलत नाहीत. भाऊजी रत्नाला सांगतात, रत्ना मला सांगते, मी आजोबांना सांगते, आजोबा पेपरमागून हुंकार देतात. काल भाऊजींकडून निरोप आला, की त्या इंजिनाचं तेल बदलल्याशिवाय दादानं ते सुरू करू नये. आजोबा म्हणाले, "तो मले शिकवून राहिला?" आणि तेल बदललं.

इंजिन आपल्या मागच्या व्हरांड्यात एका लोखंडी घोडीवर उभं आहे. घोडी चांदूर बाजारच्या लेथवाल्यानं करून पाठवली. हत्यारं भातकुलीहून परत आली. आज दुपारी आजोबांनी मला आवाज दिला, मॅडम न म्हणता. इंजिन थंड ठेवायला पाण्याचा पंप हवा होता, आणि घरात पंप एकच होता. त्यांनी कुलर बंद केला, त्यातला पंप काढला, एक नळी इंजिनाला जोडली आणि दुसरी पाण्यानं भरलेल्या परातीत सोडली.

चावी फिरवली. पहिल्या फटक्यात लागलं. सायलेन्सर नसल्यानं सगळी गल्ली बाहेर आली, शेजारच्या बाई कानांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी वही घेऊन समोर खुर्चीवर बसले. ना पंखा, ना डायनामो, ना गिअरबॉक्स, ना चाकं. पुस्तकात नव्वद छापलं तेव्हा ते असंच उभं असणार. मोजायचं मशीन आता चालणार नाही. त्याला चाकं लागतात.

वहीत तापमान लिहिलं: चव्वेचाळीस. थर्मामीटर मी स्वतः इंजिनाजवळ धरला होता, हाताला चटका बसेपर्यंत. पुढच्या रकान्यावर 'ताकद' असं लिहिलं आणि तो कोरा ठेवला. आजोबांनी वाकून वहीत पाहिलं, कोऱ्या रकान्यावर काळं बोट टेकवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. डाग पडला आहे. मी तो पुसणार नाही.